अनुमोदकाचा आवाज

आमची बँडपार्टी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिचं एक गाणं बीडकडच्या वरातींत अजून वाजतं. त्याला गाणं म्हणावं का, हाच प्रश्न आहे. त्यात शब्द एकच आहे : मंजूर. तो शब्द म्हणणारा माणूस कोण, हे मी परवापर्यंत स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तो माझा बाप.

पार्टीत आम्ही तिघं. कीबोर्डवाला बौद्ध वस्तीतला, मास्तरांचा मुलगा. तो जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा. मी गणपतीत स्पीकर लावायचो. ऑक्टोपॅडवाला वेल्डर होता आणि दोन्हीकडे तोच बडवायचा, म्हणून आमची गाठ त्याच्यामुळे पडली. आधी बाकीच्या पार्ट्यांसारखे आम्हीही बेंजो लावून सिनेमाची गाणी वाजवायचो. पण तिघांपैकी एकाचाही गळा धड नव्हता, आणि गायक ठेवायचा तर तो भाव खायचा. शेवटी कीबोर्डवाला म्हणाला, "गायकाला घाल चुलीत. आवाज का कमी हायेत का बे गावात?"

तिथून खरी पार्टी सुरू झाली. पाटोद्याच्या बाजारातले, गिरणीतले, दूध डेअरीवरचे आवाज मी टेपवर धरायचो. बीडला एका ओळखीच्या दुकानात कॉम्प्युटर होता, त्यावर तुकडे कापायचो. खाली बास, वर ऑक्टोपॅड. रिकाम्या कॅनांची आदळआपट, हापशाचा कुईकुई आवाज, कंडक्टरची घंटी यांवर माणसं आधी हसायची आणि मग नाचायची.

दुष्काळाच्या साली आम्ही पाण्याच्या टँकरचा हॉर्न घेतला. एका गावात वरात वेशीतून आत आली आणि आम्ही तो वाजवला. वाटलं, लोक उड्या मारतील. तर घराघरांतून बाया हंडे-घागरी घेऊन पळत आल्या. टँकर नाही, नवरदेव आहे, हे कळल्यावर एका म्हातारीनं रिकामी घागर थेट ऑक्टोपॅडवर ठेवली. "भर आता हिच्यात, मुडद्या! वाजीव आन् भर!" नवरदेव घोड्यावर बसून हसत होता, त्यालाही बोलणी बसली. त्या गावानं आम्हाला बंदी घातली. बाकीच्या गावांनी ते ऐकून बोलावणी पाठवली.

त्याच साली दूध संघाची वार्षिक सभा होती. माईक माझ्याकडे असायचा आणि संघाच्या दप्तरासाठी रेकॉर्डिंगही मीच करायचो. अशा सभेची रीत ठरलेली असते. सचिव विषय वाचतात, एक जण सूचक, एक जण अनुमोदक, आणि विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगेतून कुणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतो. तो म्हणाला की मागचा सगळा मांडव म्हणतो. आमच्याकडे तो पहिला आवाज अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा असायचा. त्यासाठी ते आदल्या दिवशी दाढी करायचे, परीटघडीची टोपी घालायचे. संघाचे चेअरमन त्यांना शेजारी बसवून घ्यायचे. अनुमोदक म्हणून अहवालात छापलेलं स्वतःचं नाव ते पाहुण्यांना दाखवायचे. दोन म्हशींच्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठं मिळणार होता?

त्या वर्षी जनावरं चारा छावणीत होती, दूध आटलं होतं आणि विषय होता दूध थंड करायची मोठी टाकी घेण्याचा. अण्णांचा घसा बसलेला. ते उठले आणि म्हणाले, "मंजूर, मं–" मग खोकले, मग "–जूर!" मी हेडफोन लावून बसलो होतो. त्या क्षणी मला बाप दिसला नाही, ठेका ऐकू आला. खरं सांगायचं तर एवढंच आहे.

मी तो तुकडा कापला. "कुनाचा आवाज हाय बे?" असं कीबोर्डवाल्यानं विचारल्यावर "असंच, कुठल्यातरी सभेतला," म्हणालो. त्यानं खोकल्यावर बास टाकला. गाणं आम्ही पहिल्यांदा वाजवलं ते छावणीत, संध्याकाळी, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. माणसं महिनोन्‌महिने जनावरांपाशी राहून कंटाळली होती. वैरणीच्या पेंढ्या बाजूला सारून ती जी नाचली! हात वर करून सगळे एकदम "मंजूर!" म्हणायचे आणि एकदम खोकायचे. एक म्हैस दावं तोडून पळाली, तिच्यामागे धावणारेही ठेक्यात धावत होते. तेवढा आनंद मला पुढं कशातच झाला नाही, हे आजही लाज वाटली तरी लिहितो.

गाणं तालुकाभर गेलं. पार युसूफ वडगाव गावापर्यंतच्या वरातींच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. पुढाऱ्यांच्या माणसांनी दोनदा वायरी उपटल्या, एकदा फौजदारानं कॅसेट मागून घेतली आणि स्वतःच्या जीपमध्ये लावली. अण्णा वरातीत नाचणारे नव्हते. त्यांच्या कानावर नुसती धाडधाड जायची.

पुढच्या वर्षीच्या सभेत अण्णा नेहमीसारखे उठले. "मंजूर, मंजूर." मागच्या पोरांना आवाज ओळखू आला. एकानं तोंडानं ठेका धरला, दुसऱ्यानं खोकून दाखवलं आणि अख्खा मांडव हसला. चेअरमनही हसले. अण्णा तसेच उभे. त्यांना काहीच कळत नव्हतं. धोतराला काही लागलंय का, म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं. ते मी माईकपाशी बसून पाहिलं आणि आवाजाचं बटण फिरवत राहिलो.

नंतर कुणीतरी त्यांना सांगितलं की वरातीत वाजतो तो आवाज तुमचाच. त्यांनी हिशोब केला : रेकॉर्डिंग संघाच्या दप्तरात, दप्तर चेअरमनच्या ताब्यात, आणि चेअरमन हसले. म्हणजे चेअरमननंच पोरांना दिलं. गाणं तोवर सगळ्याच पार्ट्या वाजवायच्या, त्यामुळे माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही. पोटच्या पोरावर कसा जाईल? त्यांनी सभेला जाणं सोडलं, दूध दुसऱ्याला घातलं. चेअरमन दोनदा घरी आले तेव्हा अण्णा मागच्या दारानं शेतात गेले. मी चेअरमनला चहा दिला. बोललो नाही. मला ते सोयीचं होतं.

परवा चेअरमन दवाखान्यातून ऑपरेशन होऊन घरी आल्याचं कळलं. पाली गावाकडच्या रस्त्यावर मुलाच्या घरी असतात. अण्णांनी ऐकलं, उठले, टोपी घातली, चपलेत पाय घातला. मग चप्पल काढली, टोपी खुंटीला अडकवली आणि खाटेवर बसले. एवढंच. पण मला पुढं गप्प बसवेना.

"अण्णा, ते चेअरमननी न्हाई केलं. मी केलं."

"काय केलं?"

"तुमचा आवाज. मीच कापला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हात उचलतील. बापाच्या हातचा मार खायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी मी सरकलो नाही.

"त्या दिवशी घसा बसलेला व्हता माजा," ते म्हणाले. "घ्यायचाच व्हता तर दुसऱ्या वर्षीचा घ्यायचा." आणि मग आवाज बदलला. "आन् त्या मानसाला मी इतकी वर्षं तोंड न्हाई दाखवलं. तू बघत बसला?"

"हो."

"गाडी काढ."

गाडीत ते मागच्या सीटवर बसले.

चेअरमन वाळले होते, पण डोळे तेच. अण्णा दारातच उभे राहिले. "आधी ह्याला बोलू द्या," म्हणाले. मी सगळं सांगितलं. चेअरमन ऐकत राहिले, मग उशीवर टेकून म्हणाले, "म्हंजे त्या सभेतला आवाज घेतला तू?"

"हो."

"मी दीड तास बोललो व्हतो त्या दिवशी. माजं एक वाक्य न्हाई घ्यावं वाटलं तुला?"

सून दारात तोंडाला पदर लावून हसली. अण्णा हसले नाहीत. "चेअरमन, माघारी लई शिव्या दिल्या मी तुमाला. त्याचं काय करायचं?"

"दिल्या असतील. मी बी हसलोच की त्या दिवशी. बसा आता. कावून हुबे हाय?"

अण्णा खाटेच्या कडेला बसले. चहा झाला. कोण वारलं, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे सुरू झालं. उन्हं उतरली तशी मी "निघू या का?" म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तू जाय. मी उद्या यष्टीनं येतो."

मला माफ केलं की नाही, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. बाहेर येऊन गाडी वळवली तेव्हा खिडकीतून दोघांचा चढलेला आवाज येत होता. वाद माझ्यावरूनच चालला होता, आणि चेअरमन माझी बाजू घेत होते.