रफीकच्या मशीनवर फोडलेला नारळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर माझ्या तोंडाकडे बघायची वेळ आली की तुमची पंचाईत नको. गोष्ट मागच्याच महिन्यातली, आमच्या पौडातली. मी स्वतःला एवढा शहाणा समजलो, एवढा शहाणा समजलो, की... थांबा, नीट सांगतो.

आमचा रफीक. बाजारपेठेत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. अर्ध्या मुळशीला त्यानं बटणं दाबायला शिकवलं. मला न्हाई जमलं; सातवीत मास्तर आणि मी, दोघंही एकमेकांना कंटाळलो, तिथंच माझी शाळा संपली. पुढं क्लास बंद पडला आणि ह्या गड्याला भलताच नाद लागला. हिंजवडीच्या कंपन्या जुने कॉम्प्युटर फेकून देतात ना, ते उचलून आणायचे, उघडायचे, तारांना कथलाचे डाग देऊन जोडायचे, परत चालू करायचे. क्लासच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा न्हाई! पिवळे पडलेले डबे आणि फुगीर काचा.

"रफ्या, लोकं म्हातारपणी नातवंडं सांभाळत्यात. तू मढी सांभाळतोयस!"

"मढी न्हाईत शिरपा," तो म्हणायचा. "झोपल्यात फक्त."

मग त्याच्या पोरानं गाळा विकायला काढला. म्हणजे हे सगळं भंगारात जाणार. रफीकचं जेवण सुटलं. एक दिवस मात्र उड्या मारत आला. म्हणे, पुण्यात कुणीतरी जुन्या कॉम्प्युटरचं संग्रहालय काढतंय. त्यांचा माणूस येणार, आणि सगळ्यात म्हातारं मशीन चालताना दिसलं तर सगळी वरातच घेऊन जाणार!

आता तुम्हीच सांगा, भंगाराचं कुणी संग्रहालय काढतं का? मी लगेच ओळखलं, हा मला बनवतोय. कारण असं, की गेल्या साली मी माझ्या मेव्हण्याला सफारी घालून रफीककडं धाडला होता, 'जुन्या मशीनचं लायसन दाखवा' म्हणून. बिचाऱ्यानं त्याला अर्धा दिवस चहाभजी घातली! कळल्यावर म्हणाला होता, "शिरपा, तुला सोडणार न्हाई." म्हटलं, आली पाळी.

तो दिवस उजाडला. रफीकला गाळ्याच्या कागदांवर सह्या करायला जायचं होतं. मला बसवलं.

"मशीन चालू हाय. झाकण काढून ठेवलंय, साहेबांना आतलं बघायचंय. तू हात लावू नको."

"न्हाई लावत."

"आन चेष्टा करू नको."

हे ऐकलं आणि माझी खात्रीच पटली!

साहेब आले. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी आणि छातीपर्यंत दाढी. असली दाढी फक्त भाड्यानं मिळते, हो की न्हाई?

"नमस्कार. रफीकभाई आहेत का? मी संग्रहालयाकडून आलोय."

"या, या! चपला बाहेर काढा. आमचं देवघर हाय हे."

काढल्या. म्हटलं, गडी तयारीचा हाय.

"आमच्याकडं मशीनच्या आदी पाया पडत्यात."

पडला! वर म्हणतो, "किती श्रद्धेनं जपलंय तुम्ही."

"आन उठाबशा काढत्यात."

काढल्या हो! गुडघे कडाकडा वाजले. मी मोबाईलवर शूटिंग करतोय आणि आतल्या आत फुटतोय.

मग मला नारळ सुचला; शेजारच्या दुकानातनं आणलाच. दसऱ्याला आम्ही ट्रॅक्टरपुढं फोडतो, उरवड्याच्या कारखान्यात मशीनपुढं फोडतात, मग ह्या डब्यानं काय पाप केलंय? शिवाय माझा हिशेब पक्का होता: माणूस खरा असला तर मला अडवेल. आता कळतंय, तो मात्र समजत होता, हा म्हातारा मशीनवाला हाय, ह्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय.

"इथेच... इतक्या जवळ फोडायचा?"

"तितंच!"

"परंपराच असेल तर..." म्हणाला, आणि हात जोडून उभा राहिला.

मी टेबलाच्या कडेवर नारळ आपटला. सगळं पाणी उघड्या मशीनच्या पोटात! फट्ट झालं, धूर आला. काचेवरची हिरवी अक्षरं एका रेघेत गोळा झाली, रेघेचा ठिपका झाला, ठिपका विझला.

"अहो, काय केलंत हे!" साहेब किंचाळले.

"बास की आता नाटक! रफ्यानं किती दिवस पाठ करून घेतलं?" म्हणत मी दाढी धरली आणि ओढली.

दाढी आली न्हाई. माणूस आला.

चपला हातात घेऊनच ते गाडीत बसले. "रफीकभाईंना सांगा, आमचं जमणार नाही," एवढंच बोलले.

रफीक परतला. मी सगळं सांगितलं. आणि तो हसायला लागला हो!

"धूर पण काढलास? उदबत्ती लावलीस का?"

"खरं सांगतोय रफ्या."

"आन दाढी वडली!" पोट धरून हसला, डोळ्यांतनं पाणी आलं त्याच्या. जन्मभर सगळ्यांना गंडवलं, आता माझं खरं कोण मानणार?

मग त्याची नजर मशीनवर गेली. आतनं अजून थेंब गळत होते. हसणं थांबलं. खिशातला रुमाल काढून तो एकेक भाग टिपत बसला.

"शिवी दे की रे," मी म्हटलं.

"शिवी कशाला? गाळा रिकामा करायचाय. हात लाव."

साहेबांना आम्ही दोघांनी फोन केले. रफीकला 'जमणार नाही' म्हणाले, आणि माझा आवाज ऐकला की ते ठेवायचेच.

शेवटी भंगारवाल्याचा टेम्पो आला. एकेक डबा माझ्या पाठीवरनं गेला. भंगारवाला वर उभा राहून विचारतोय, "चाचा, सब ले जाऊँ?"

"सब," रफीक म्हणाला. मग माझ्याकडं बोट केलं. "इसको भी ले जा."

भंगारवाल्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पारखलं. मान हलवली.

"नहीं चाचा. इसमें से तांबा नहीं निकलेगा."