पासवर्ड बदलूनही

आमच्या वधू-वर मंडळात एक पद्धत आहे. लग्न ठरलं की दोघांनी मिळून मंडळाच्या साइटवर ‘जमले’ म्हणून जोडीचा फोटो टाकायचा. माझ्या लग्नाच्या वेळी आम्ही तो मुलुंडच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात बसून टाकला. लॉगिन माझं, फोन होणाऱ्या नवऱ्याचा. फोटोत माझे डोळे मिटलेले आले होते आणि त्यावर आम्ही वेड्यासारखे हसलो होतो.

घटस्फोटानंतर बाबांनी तेच खातं पुन्हा सुरू केलं. मी नको नको म्हणत होते, पण बाबांपुढे कोणाचं चाललंय! मग गोरेगावच्या एका माणसाचा मेसेज आला. तोही घटस्फोटित. मोठ्यांची भेट होईपर्यंत फोन नंबर द्यायचा नाही, असा मंडळाचा नियम, म्हणून आम्ही साइटवरच लिहायचो. हळूहळू मी त्याच्या उत्तराची वाट बघायला लागले. हे पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

एक दिवस त्याने विचारलं, “गोळ्या अजून चालू आहेत का?”

मला काही कळेना. आधीचे मेसेज वर सरकवून पाहिले तर माझ्याच नावाने एक मेसेज गेलेला. मला डिप्रेशन होतं, गोळ्यांशिवाय माझं भान सुटतं, नंतर तक्रार नको म्हणून आधीच सांगते, वगैरे. मी ऑफिसात होते तेव्हाची वेळ. गोळ्या एके काळी होत्या, खोटं नाही. पण ते आईबाबांनाही माहीत नव्हतं. फक्त नवऱ्याला माहीत होतं.

मी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आणखी एक मेसेज. पुन्हा बदलला, पुन्हा मेसेज. बाबांना दाखवलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, “तूच लिहून विसरली नाहीस ना गं?”

त्या प्रश्नाने मी खचले. कारण क्षणभर मलाही तसंच वाटलं.

आणि मी अंधेरीच्या एका कंपनीत करते काय, तर दिवसभर लोकांच्या लॉगिनमधल्या चुका शोधते! शेवटी शांत डोक्याने स्वतःचंच खातं तपासायला बसले. फोन आणि लॅपटॉप, दोन्हीकडे लॉगिन केलं. लॅपटॉपवर पासवर्ड बदलला. फोनवरचं खातं तसंच उघडं. पासवर्ड बदलला की आधीपासून आत असलेल्या प्रत्येकाला बाहेर काढायला हवं, ही या कामातली अगदी साधी गोष्ट. ही साइट कोणालाच बाहेर काढत नव्हती. कुलूप मी रोज नवीन लावत होते आणि माणूस आतच बसलेला होता. आइस्क्रीमच्या दुकानातल्या त्या संध्याकाळपासून.

मंडळाच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, “पासवर्ड बदल ना!” मी समजावलं. “साइट बनवणारा मुलगा कॅनडात गेला गं. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खातं बंद करून टाकतो, चालेल?” खातं बंद झालं असतं तर गोरेगावही बंद. मी त्यांना थांबा म्हटलं.

त्याच साइटवर मी लिहिलं, मला तुम्हाला भेटायचंय. दुसरा रस्ताच नव्हता. लिहिताना माहीत होतं, हे आणखी एक जण वाचतोय.

गोरेगाव स्टेशनजवळच्या हॉटेलात तो आधीच येऊन बसला होता. मी दाराकडे तोंड करून बसले, कोण आत येतंय ते बघत. त्याला सगळं सांगितलं. तो चांगला माणूस होता, मधे बोलला नाही. चहावर साय धरली.

“गोळ्यांचं मला काही वाटलं नाही,” तो म्हणाला. “पण मग त्याने अजून काय काय लिहिलंय?”

“तीन-चार मेसेज. मी दाखवते.”

“आणि ते सकाळचं? सकाळी जाग आल्यावर आता घाबरायला होत नाही, असं लिहिलं होतंत. त्यावरून मी घरी तुमच्याबद्दल बोललो.”

“ते मीच लिहिलं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, संशयसुद्धा नीटसा नव्हता. मी घाईघाईने सांगत सुटले, लिहिताना कुठे बसले होते, आधी काय खोडलं, किती वेळ पाठवू की नको करत होते. सगळं खरं होतं. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

“हो ना,” तो हळूच म्हणाला. “पण तुमच्या नावाने त्यानेही असंच सांगितलं असतं.”