कोरड्या डोळ्यांची परीक्षा

डोळ्यांतून धार लागलेली, आणि डॉक्टर म्हणतात तुमचे डोळे कोरडे आहेत. बदलापूरच्या त्या दवाखान्यात मला हसूच आलं. त्यांनी शांतपणे समजावलं, की पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या माझ्या बुजल्यात. वर तेलाचा थर नाही, म्हणून ओलावा उडून जातो, डोळा चुरचुरतो आणि मग नुसतं पाणी सोडत बसतो. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाला हे इतकं पटलं की दुखणं विसरून मी आणखी चार प्रश्न विचारले. बाहेर ताटकळलेले पेशंट खोकायला लागले.

हा आजार जात नाही, सांभाळायचा असतो. थेंब, पापण्यांची सफाई आणि रोज दोनदा कोमट शेक. माझ्यातला लॅबवाला जागा झाला. ओला रुमाल लगेच गार होतो, मिठाची पुरचुंडी जरा टिकते, उकडलेला बटाटा सगळ्यात चिवट. थर्मामीटर लावून मी हे लिहून घेत होतो, तेव्हा प्रयोग झाला असेल तर बटाटा भाजीत घालू का, असं बायकोने विचारलं.

खरी काळजी वेगळीच होती. अंबरनाथला कापड रंगवणाऱ्या कारखान्यात मी शेड पास करतो. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी आमच्या लॉटचा तुकडा धरायचा आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. रंग मोजायची मशीन आहे, पण उल्हासनगरचे आमचे जुने सिंधी व्यापारी तिच्या आकड्यांकडे बघत नाहीत, साहेबांनी पाहिलं का एवढंच विचारतात. बावीस वर्षं मी त्यावरच मिरवलो. आता दुपारनंतर नेव्ही ब्लू आणि काळा मला सारखेच दिसायला लागले होते. नजर गेली की मी त्या टेबलावरून उठणार, हे मला कळत होतं आणि भीती वाटत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, तसं कुणी सहज तोंडाकडे पाहिलं तरी वाटायचं, याला समजलं.

तरी कुतूहल गप्प बसेना. आपण नेमके किती चुकतो? लॅबमध्ये माझ्यासोबत चौदा वर्षं एक बाई आहेत, बारवी धरणाकडच्या गावातून येतात, बोलायला कमी. मी त्यांना म्हटलं, नमुना आणि तुकडा अशा दहा जोड्या मांडा, मागे नंबर टाका, मग त्याच जोड्या नंबर बदलून पुन्हा मांडा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यांनी कारण विचारलं नाही.

सकाळी माझी सगळी उत्तरं दोन्ही वेळेला सारखी आली. दुपारी तीन जोड्यांना मी एकदा जुळतं म्हणालो आणि एकदा नाही. तिन्ही अशा होत्या, ज्यांच्याकडे मी हट्टाने, पापणी न लववता बघत राहिलो होतो. मला हुरूपच आला. म्हणजे दोष डोळ्यांचा कमी, टक लावण्याच्या सवयीचा जास्त. मध्ये मध्ये डोळे मिटले, थेंब घातले, की झालं. मी बाईंना हे सगळं रंगवून सांगितलं आणि ही गोष्ट आपल्यातच ठेवा म्हटलं.

त्यांनी तुकडे गोळा केले. मग म्हणाल्या, "सर, दुपारचे तुकडे मी वरीसभर परत बघते, न मगच धाडते."

किती चुकले होते, मी विचारलं.

"चार लॉट. डाग दिसला सांगून परत रंगवायला लावले."

माझी चूक लपवायला या बाई वर्षभर नसलेले डाग दाखवत होत्या, आणि मी मात्र स्वतःलाच हुशार समजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी का नाही बोललात, एवढंच कसंबसं विचारलं.

"रंग बघायला तुमीच शिकवलं ना," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी मालकांना जाऊन सगळं सांगितलं. आता दुपारच्या शेड बाई पास करतात, आणि खाली सही त्यांची असते.