परंपरेतले रंगबाबा

सदर इसम वय एकसष्ट, धंदा पाट्या रंगवणे, हल्ली मुक्काम एका सूफी पंथाच्या गुरुपरंपरेत, अनुक्रमांक चाळीस.

झालं असं, की खानकाहच्या, म्हणजे सूफी मठाच्या, भिंतीवर पैगंबरांपासून हल्लीच्या पीरसाहेबांपर्यंत एकोणचाळीस नावं एकाखाली एक रंगवल्यावर त्याने सवयीने तळाशी आपलंही टोपणनाव टाकलं: रंगबाबा. शिष्यमंडळी रोज सकाळी ही नावं क्रमाने वाचून दुआ मागत. महिनाभर ती रंगबाबांच्याही नावाने मागितली गेली.

पीरसाहेबांचं बोलावणं आलं तसा तो ब्रश घेऊनच धावला. दाराची कमान रंगवायची बाकी होती. ते काम आता हातचं गेलं म्हणायचं.

"या रंगबाबा! आमच्या हयातीतच आमचे वारस झालात?"

"चुकलो साहेब. आत्ता पुसतो."

"पुसू नका हो," एक म्हातारी शिष्या कळवळली. "यांच्या नावानं माझा गुडघा वळायला लागलाय!"

पीरसाहेबांना हसू आवरेना. "तुम्ही स्वतः शिष्य कोणाचे?"

"मामाचा. त्यानंच ब्रश धरायला शिकवलं."

"मग मामांची परंपरा कमानीवर चालवा. आमची मोकळी करा."

नावावर पांढरा रंग मारायला पाच मिनिटंही लागली नाहीत.