तारा मोजू नको, घरं मोज

१४ जुलै, रविवार. खिडकीच्या जुन्या पल्ल्याची फाटकी जाळी काढून नवी ठोकत होते. हा पल्ला आता कुठल्याच खिडकीचा नाही. गेली अठरा वर्षं मी तो रिक्षात घालून कॉलेजात नेते आणि त्यावर एक तास शिकवते. तो तास सोमवारी सकाळी होता. तीन बाजू ठोकून झाल्या, चौथीला निम्म्या चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या आणि फोन वाजला. पलीकडं माझी जुनी मैत्रीण नंदा, तिची मुलगी मेघा. "मावशी, आई गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आन् ओट्यापाशीच बसली..." मी हातोडी खाली ठेवली. पहिला विचार आला तो असा, की ही कुणाकडून काही करून न घेता गेली. मला हे जमायचं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले, पण तो विचार मी बदलून सांगणार नाही.

नंदाचा मला हेवा वाटायचा. आम्ही दोघी गारखेड्यात अन्वरभाईंच्या ऑफिसात कामाला होतो, दोन खोल्या आणि तीन कॉम्प्युटर. बिल्डरला बांधायच्या आधीच घर कसं दिसेल त्याचं चित्र आम्ही करून द्यायचो, त्यासाठीचा प्रोग्रामही आमचाच. मी गणितात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. नंदा पडेगावच्या शेतकऱ्याची मुलगी, बी.एस्सी.ला दोन विषय राहून राहून सुटलेली. पण गिऱ्हाईक आलं की तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढायचं, आणि डबे उघडले की सगळे तिच्या ठेच्याभोवती. माझ्या डब्यातल्या अळूवडीला कुणी नाव ठेवलं नाही, पण मागितलीही नाही.

आमच्या कामाचं मूळ साधं होतं. खरा उजेड सूर्याकडून घरावर पडतो आणि तिथून डोळ्यात येतो. आम्ही उलट जायचो. डोळ्याच्या जागी कॅमेरा धरायचा, त्याच्यापुढं चौकोनांची एक चौकट उभी करायची, आणि एकेका चौकोनातून एक सरळ किरण बाहेर सोडायचा. किरण भिंतीला थडकला तर चौकोनात भिंतीचा रंग, काहीच आडवं आलं नाही तर आभाळाचा. हे किरण सोडायचा भाग मी लिहिला होता. कागदावर चार पानं गणित, एकही खाडाखोड नाही. मला त्याचा अभिमान होता.

एका बंगल्याचं चित्र निघालं आणि अन्वरभाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, ये गेट का खंबा इधर का मोटा, उधर का पतला कायकू दिखरा?" मोजलं. डावा खांब पाच चौकोनांचा, उजवा चारच. नकाशात दोन्ही सारखे. मी आठ दिवस ती चार पानं उलटीसुलटी तपासली. नवव्या दिवशी अन्वरभाई बाहेर गेले होते. नंदानं खुर्चीच्या पाठीला एक खिळा मारला, पर्समधून सुईदोरा काढला, दोऱ्याचं टोक खिळ्याला बांधलं आणि खिडकीच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

"खिळा म्हंजी डोळा. जाळी म्हंजी तुझी चौकट. बाहेर स्कूटर हाय, ती बंगला. आता सांग पंडितीणबाई, सुई कुठनं घालू?"

"पहिल्यापासून. शून्य, एक, दोन..." मी तारांवर बोट ठेवत गेले.

"अगं, तारंतनं सुई जाती व्हय?" ती इतकी हसली की दोरा सुटला. "तू तारा मोजायलीस. तारा मोजू नको, घरं मोज. सुई घराच्या मधनं जाती."

माझे सगळे किरण चौकोनाच्या मधून जायच्या ऐवजी कडेवरून चालले होते. त्यामुळं सगळं चित्र अर्धं घर, म्हणजे अर्धा चौकोन, सरकलं होतं आणि कडेवरचा एक किरण डाव्या खांबात जास्तीचा पडत होता. प्रत्येक मोजणीत अर्धा मिळवायचा, एवढीच दुरुस्ती. मी ती करून चित्र पुन्हा काढायला लावलं. चार तासांनी ते पुरं झालं, खांब सारखे आले, तोवर अन्वरभाईही परतले होते. "क्या बात है! किसने पकड्या?"

मी म्हणाले, "सापडलं मला."

नंदा शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि मूठभर शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या. त्या विषयावर ती पुन्हा कधीच बोलली नाही. चिडली असती तर मी कबूलही केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

ऑफिस बंद झालं तेव्हा त्या खिडकीचा तो पल्ला मी मागून आणला. कॉलेजात लागले आणि खिळा, जाळी, सुईदोरा ही 'मॅडमची दोऱ्याची पद्धत' झाली. नंदाचं नाव एकाही वर्षी घेतलं नाही.

त्या रविवारी दुपारी पडेगावला गेले. अंगणात माणसं मावत नव्हती. तिथंही मनात आलं, की माझ्या वेळी एवढी येतील का? मेघा गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसत म्हणाली, "मावशी, मी कॉम्प्युटरलाच गेले ना, आईनं मला घरीच शिकवलं होतं. खाटंच्या नवारीतून दोरा घालून. म्हणायची, ही सुलभामावशीची पद्धत हाय, लई हुशार बाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. घेतलेली वस्तू तिनं मला कधीच देऊन टाकली होती, आणि मी अठरा वर्षं ती लपवत बसले होते. तिथंही तीच पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून राहिलेल्या चुका ठोकल्या आणि पल्ला वर्गात नेला. खुर्चीच्या खिळ्याला दोरा बांधला, सुई हातात घेतली आणि सांगितलं, की ही पद्धत पडेगावच्या नंदाची आहे. तारा मी मोजल्या होत्या, घरं तिनं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्या कशा होत्या?" मग दुसरा, मग तिसरा. निम्मा तास तिच्यातच गेला आणि माझं गणित फळ्यावर अर्धंच राहिलं. राग आला मला. मग सुई घराच्या मधून घातली.