पुलावरचा शिक्का

इंग्रज गेले त्याला पाऊणशे वर्षं उलटली, पण राहुरीच्या पुढे कालव्याकाठी जी निवासी शाळा आहे, तिला ते कोणी कळवलेलंच नाही. शाळा काढणाऱ्या साहेबांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती शाळांचे रिवाज जसेच्या तसे उचलले. चार हाउस, प्रत्येक हाउसचा कॅप्टन, कॅप्टनची कामं उपसणारी धाकटी पोरं, आणि जानेवारीतली मोठी दौड. त्यातलं घ्यावं काय आणि टाकावं काय, हे निवडत बसायला वेळ कोणाला होता?

भिमाजी तिथे अठ्ठावीस वर्षं मैदान राखतो. चुन्याची रेष त्याच्याइतकी सरळ कोणाला जमत नाही. दौडीच्या दिवशी मात्र तो कालव्याच्या पुलावर शिक्का घेऊन उभा असतो. पोरं शाळेतून पुलावर येतात, पलीकडच्या टेकडीला वळसा घालून पुन्हा पुलावर येतात, तेव्हा तो मनगटावर जांभळा शिक्का मारतो आणि पोरं शाळेकडे परततात. सगळ्यांत शेवटी पोचेल तो 'शेपटी'. त्याने सगळी दौड लगेच पुन्हा पळायची आणि वर्षभर कॅप्टनचे बूट पुसायचे. एका बड्या घरच्या पोराने एकदा टेकडी चुकवून हात पुढे केला होता. भिमाजीने शिक्का न मारता त्याला टेकडीकडे पिटाळला.

गेल्या वर्षीची शेपटी होता पार्थ, भिमाजीचा नातू. कर्मचाऱ्याचा नातू म्हणून त्याला फी माफ. शाळेत नोकरांना नावानेच हाक मारायची असा दंडक, त्यामुळे पार्थही तीन वर्षं त्याला चारचौघांत 'भिमाजी' म्हणत आला. म्हाताऱ्याला ते टोचायचं. पोरगं शिकतंय ना, म्हणून तो गिळायचा. पण दिवाळीला पार्थ घरी म्हणाला, "औंदा पुन्ना शेपटी झालो, तर शाळा सोडीन. बूट न्हाई पुसनार." तेव्हापासून भिमाजीच्या जिवाला घोर लागला होता.

यंदा पार्थ पुलावर आला तो लंगडत. टाच सोलून निघाली होती. पुढची पोरं टेकडीला वळसा घालून परतलीही होती, आणि शेवटून दुसरा, कल्याण, नुकताच टेकडीआड झाला होता. भिमाजीने इकडेतिकडे बघितलं.

"हात दे," तो म्हणाला. "जा माघारी."

पार्थ मनगटावरचा ओला शिक्का बघतच माघारी गेला.

थोड्या वेळाने कल्याण धापा टाकत आला. "पार्थ अजून मागेच आहे ना, भिमाजी? म्हणजे यंदा मी सुटलो." भिमाजीने शिक्का तेवढा मारला.

तासाभराने कल्याण पुन्हा पुलावर, शेपटी ठरून. ऊन चढलेलं, ओठ पांढरे पडलेले. तक्रार केली नाही, टेकडीला वळसा घालून आला आणि हात पुढे केला. पहिला शिक्का घामाने फिसकटला होता. तो बघून भिमाजीला स्वतःचीच किळस आली. त्याने शिक्का खिशात टाकला, कल्याणचा हात धरला आणि त्याला सावकाश चालवत मैदानात आणलं. सगळी शाळा रांगेत उभी होती.

"ह्यो शेपटी न्हाई," तो खेळाच्या सरांना म्हणाला. "पार्थला टेकडी न घालताच म्या शिक्का मारला. चूक माजी हाय."

सरांनी शिक्का काढून घेतला आणि पार्थला पळायला फर्मावलं. त्याच्या टाचेला पट्टी बांधून होईपर्यंत भिमाजी पुलावर परत येऊन उभाही राहिला होता. त्याला कोणी पाठवलं नव्हतं.

पार्थ आला, थांबला. "आजोबा, सांगायचंच हुतं, तर शिक्का मारला कशाला?"

शाळेच्या कपड्यांत असताना त्याने आजोबा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. पार्थ टेकडीकडे वळला.

वळसा घालून तो परतला, तेव्हा सवयीने त्याचा हात पुढे आला. भिमाजीने तो नुसताच धरला. पार्थने तो सोडवून घेतला आणि शाळेकडे चालू लागला.