वंदनाताईंची घागर

वंदनाताईंना आमच्या डाइंग फॅक्टरीत कोणी सिरियसली घेत नव्हतं.

त्या एचआरला होत्या. 'पाणी वाचवा' हे कंपनीने त्यांच्या गळ्यात मारलेलं काम. पोस्टरं झाली, शपथ झाली, हिरवे बिल्ले झाले.

बिल्ले लावून आम्ही जेवायला जायचो आणि मागे कापड धुण्याचा पाईप तसाच वाहत राहायचा.

एका उन्हाळ्यात बोअर आटायला लागलं. मॅनेजर म्हणाले, पाणी कमी वापरलं नाही तर दुसरी शिफ्ट बंद.

दुसरी शिफ्ट म्हणजे आम्ही.

ताईंनी लगेच मीटिंग लावली. कोणी गेलं नाही. कंपनीची नाटकं, दुसरं काय!

मग अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आमच्या शिफ्टचा रघुनाथ त्याच वर्षी गेला होता. ताईंनी काय करावं? त्याच्या नावाची घागर स्वतः भरून थेट पाईपाजवळ मांडली. वाटलं असेल, घागरीसमोर तरी हे लोक पाणी सांडणार नाहीत.

झालं! आमच्यातले सगळ्यांत जुने नामदेवभाऊ भडकले.

"ओ ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही? घागर घरच्यानं भरायची राहते!"

ताई ओशाळल्या. "चुकलं भाऊ. मग आता?"

"आता काय, वहिनीला बोलवा."

रघुनाथची बायको जैनाबादला. तिला नदी ओलांडून यायला वेळ लागणार. तोवर अख्खी शिफ्ट घागरीभोवती बसून.

ताई अशी संधी सोडतात होय?

"बसलेच आहात तर सांगा ना, पाईप बंद का नाही करत?"

"कॉक पार बॉयलरच्या मागे आहे ताई. तितक्या दूर कोण जाईल?"

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही तर शपथच देऊन राहिल्या होत्या!"

सगळ्यांत जोरात ताईच हसल्या. मग वहिनी आली आणि तिच्या हातानं घागर भरली.

त्यांनी साहेबांच्या मागे लागून पाईपाच्या तोंडालाच कॉक बसवून घेतला. मग कोणी तो उघडा सोडला की आम्हीच एकमेकांवर ओरडायला लागलो. शिफ्ट वाचली. मी अजून त्याच शिफ्टला आहे.

ताई या हिवाळ्यात गेल्या. हार्ट अटॅक. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आज अखाजी. शनवारा मोहल्ल्यात त्यांच्या घरी मुलाने घागर भरलीच असेल.

फॅक्टरीत गेलो तर पाईपाजवळ नामदेवभाऊ आणखी एक भरत होते.

मी म्हटलं, "भाऊ, घरच्यानं भरायची राहते ना?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मग? घरचाच भरून राहिला ना."

ताई, पाईप बंद आहे. शिफ्ट चालू आहे.
आम्हा सगळ्यांचा नमस्कार.